राखीव रक्त

पत्रात माझं नाव होतं. इंग्रजीत टाईप केलेलं, स्पेलिंगसकट बरोबर. बावीस वर्षं नोकरी झाली माझी, पंधरा फौजेत मेडिकल कोअरमध्ये आणि सात इथं, सांगलीतल्या या ट्रस्टच्या दवाखान्याच्या रक्तपेढीत. एवढ्या काळात पगारपत्रक सोडलं तर माझं नाव कुणी धड लिहिलं नव्हतं. अर्जुना शिपायानं सकाळी साडेनऊला पत्र टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला, त्यामुळं पहिली ओळ मला कपाच्या गोल डागातून वाचावी लागली. माननीय मंत्रिमहोदयांचा दौरा, गुरुवारी. शिरवळपासून ताफा. साखर कारखान्यावर समारंभ, तीन तास. ताफ्यामागं रुग्णवाहिका, रुग्णवाहिकेत बर्फाची पेटी, पेटीत रक्त. माननीयांचा गट बी निगेटिव्ह. तरी त्या गटाची एक बाटली राखीव ठेवावी. उपलब्ध दाता, सिद्धू कोंडीबा गोरड, लॅब टेक्निशियन. म्हणजे रक्त माझं, ते कुणासाठी हे ठरलंय, कधी काढायचं तेही ठरलंय, आज सोमवारी अकरा वाजता, आणि मला ते चहाबरोबर कळतंय. मी कप उचलला आणि चहा बेसिनमध्ये ओतून दिला. अर्जुना म्हणाला, "का वो, साखर कमी पडली?" मी म्हटलं, साखर बरोबर आहे, तू जा.

कारण ते रक्त मी काल देऊन बसलो होतो, तोंडानं. चार नंबरच्या वॉर्डात राहीबाई म्हणून एक म्हातारी आहे, वडूजच्या पलीकडची, माझ्याच मुलखातली. पोटात गाठ, गाठीतून दोन महिने रक्त जातंय. नखं पांढरी पडलीत, चार पावलं टाकली की भिंत धरते. तिचाही गट बी निगेटिव्ह. सात बाळंतपणं झालेली बाई, अंगात पॉझिटिव्ह रक्ताचा वैरी तयार होऊन बसलेला, त्यामुळं दुसरं काही तिला चालत नाही. मी तीनदा जुळवून बघितलं. ओ निगेटिव्ह तेवढं चाललं असतं, त्याची बाटली मिरजेपर्यंत शोधली, नाही मिळाली. ऑपरेशन दोनदा पुढं गेलं. सर्जन परवा चष्मा पुसत म्हणाले, आता आणखी थांबलात तर ऑपरेशनची गरजच राहणार नाही. मग काल संध्याकाळी मी तिच्या खाटेपाशी गेलो आणि म्हटलं, "मावशी, उद्या दोनला तुमचं ऑपरेशन. रक्ताची सोय झाली." "कुनाचं घावलं?" "माझं." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाजारात जनावर बघतात तसं. "तू कुनाचा रं?" मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. "मग आपल्यातलाच हायस की. मेंढरं हायती का अजून?" मी म्हटलं, न्हाईत, बापाबरोबर गेली. "चांगलं न्हाई केलंस," म्हातारी म्हणाली आणि कुशीवर वळली. कित्येक वर्षांत मला कुणी मेंढरांवरून बोल लावला नव्हता. घरी जाताना मी उगाचच नदीच्या घाटावरून लांबच्या वाटेनं गेलो.

डॉक्टर शेडबाळकर आमच्या पेढीचे प्रमुख. माणूस वाईट नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं. मी पत्र घेऊन त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा ते उभेच होते, मी येणार हे त्यांना माहीत असावं. मी म्हटलं, "सर, माझं रक्त आज चार नंबरला जाणार आहे. दोनला ऑपरेशन लागलंय." "माहीत आहे गोरड. पण हे वरून आलंय. गुरुवार झाला की बाटली मोकळी. म्हातारीला शुक्रवारी देऊ, तीन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे." "मागंही गुरुवारच होता, सर." त्यांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडं केला. "ते वेगळं होतं." "काय वेगळं होतं?" ते म्हणाले, "तू आता आडवा हो जाऊन. उगाच तमाशा नको. मलाही उत्तर द्यावं लागतं." उत्तर. कुणाला देणार? चार नंबरमधून कुणी कधी उत्तर मागायला येत नाही. ती माणसं आली तर खिडकीत येतात, हात जोडतात आणि डाक्टर म्हणतात, मलासुद्धा.

आणि मी आडवा झालो. शिव्या घालायच्या तर पहिली मला घाला. फौजेनं लावलेलं वळण आहे हे, आडवा हो म्हटलं की आधी आडवं व्हायचं, विचार मग. पण अगदीच तेवढं नाही. रक्त तर काढावंच लागणार होतं, इकडं द्यायचं असो की तिकडं. म्हातारीला काय माझ्या तत्त्वाचं इंजेक्शन द्यायचं होतं? टेबलाच्या रेक्झिनला भेग पडली आहे, ती बरोबर पाठीच्या कण्याखाली येते. सात वर्षांत हजारभर माणसं मी या टेबलावर झोपवली असतील आणि कुणीही ती भेग टोचते म्हणून तक्रार केली नाही. डॉक्टरांनी स्वतः सुई घातली. हात हलका आहे त्यांचा. रबरी चेंडू माझ्या मुठीत दिला, वर कळवायला म्हणून फोनकडं गेले, आणि खाली बाटली हलवत अर्जुना बसला. बाटलीच्या गळ्याला लाल कार्ड आधीच बांधलं होतं, सुतळीनं, दोन गाठी मारून. रक्त अजून माझ्यात होतं आणि कार्ड बांधून झालं होतं. खिडकीच्या पट्टीवर पिवळी धूळ साचली होती. मार्च लागला की पलीकडच्या गोदामातली हळद वाऱ्यानं आत येते, कितीही पुसा. मी मूठ दाबली, सोडली. साडेतीनशे सी.सी. भरायला सात-आठ मिनिटं लागतात. ती छताकडं बघत काढायची असतात.

तीन वर्षांपूर्वी, पंच्याहत्तरच्या नोव्हेंबरात, असंच पत्र आलं होतं. त्यात माझं नाव नव्हतं. मीच पुढं होऊन म्हटलं होतं, सर, माझा गट तोच आहे, माझं घ्या. हात दाखवून अवलक्षण. मला वाटलं, फौजेतला गडी आहे आपण, एक बाटली देशासाठी. खरंच असं वाटलं होतं, आता सांगायला लाज वाटते. बाटली भरली, लाल कार्ड लागलं, कपाटाच्या वरच्या कप्प्यात एकटी उभी राहिली. गुरुवारचा दौरा पुढच्या गुरुवारवर गेला, तो त्याच्याही पुढच्या. आणि राखीव उठवा असं पत्र काही कुणी पाठवलं नाही. ठेवा म्हणायला कागद निघतो, सोडा म्हणायला निघत नाही. दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कुंडलहून सुलाला आणलं. केसपेपरवर सुलाबाई, पण बावीस-तेवीस वर्षांची पोरगी. दुसरं बाळंतपण, पहिलं मूल पिवळं पडून गेलेलं, त्यातच तिच्या अंगात ते पॉझिटिव्हचं वैर शिरलेलं. मुलगी झाली, रडली, आणि मागून सुलाचं रक्त थांबेना. नवरा कृष्णात फौजेत, आसामात कुठंतरी. बरोबर सासरा, लालासाहेब, बागायतदार माणूस, पांढरा फेटा, आणि सुनेच्या लुगड्यांचं गाठोडं काखेत धरलेलं. ते गाठोडं त्यांनी संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

मी म्हटलं रक्त पाहिजे, या या गटाचं. त्यांनी गावच्या सोसायटीत फोन लावला. दोन तासांत उसाच्या ट्रकमधून चाळीस माणसं आली. तालमीतले पैलवान, पेन्शनीत निघालेले हवालदार, तोडीवरून कोयता तसाच टाकून आलेले गडी. खिडकीबाहेर रांग लावून उभे, सगळ्यांच्या बाह्या आधीच वर. लोक म्हणतात खेड्यातला माणूस सुनेसाठी रक्त देत नाही. या आणि बघा म्हणावं. चाळीस बोटं टोचली मी. चाळीस थेंब टाईलवर. एकही बी निगेटिव्ह नव्हता, ओ निगेटिव्हही नव्हता. एक पैलवान तर परत रांगेत येऊन उभा राहिला. म्हणाला, नीट बघा की, माझं चुकून तसलं असंल. मग लालासाहेब खिडकीत आले. "आवं डाक्टर, तुमच्या कपाटात न्हाई का येकांदी? तिच्या बदल्यात आमी दहा भरून देतो." ते कपाट माझ्या पाठीमागं घरघरत होतं. दार काचेचं. मी मध्ये उभा नसतो तर बाटली त्यांना दिसली असती. मी म्हटलं, "न्हाई." नाही म्हटलं नाही, न्हाई म्हटलं, त्यांच्या बोलीत, विश्वास बसावा म्हणून. आणि बसला. त्यांनी मान हलवली आणि त्या चाळीस माणसांकडं वळून सांगितलं, कपाटात न्हाई म्हनत्यात.

मी काहीच केलं नाही असं नाही. डॉक्टरांकडं दोनदा गेलो. त्यांनी वर फोन केला, वरचे मीटिंगमध्ये, चारला करा म्हणाले. मी म्हटलं, सर, माझं परत काढा. ते म्हणाले, दहा दिवसांत दोनदा नियमात बसत नाही, तू पडलास तर पेढी कोण बघणार? मी हट्ट धरला नाही. हे मला रोज आठवतं असं नाही, पण आठवतं तेव्हा दात घासताना, बसची वाट बघताना, कुठंही आठवतं: मी हट्ट धरला नाही. सुई मला स्वतःला घालता येते. दार लावून घेतलं असतं, बाटली भरली असती, कोण काय करणार होतं? आणि तेही जाऊ द्या, कपाटाचं दार मला उघडता येत नव्हतं? किल्ली माझ्याच खिशात होती. पावणेचारला लेडी डॉक्टर इनामदारबाई आल्या. कोपरापर्यंत लाल. त्यांना ती बाटली माहीत होती, सगळ्यांना होती. माझ्या बेसिनमध्ये हात धुतले, सावकाश, दोनदा साबण लावून, आणि शेजारी टॉवेल असताना ओल्या हातांनीच निघून गेल्या. चारला वरून फोन आला की मीटिंग लांबली आहे. माननीय काही त्या महिन्यात आलेच नाहीत. एकविसाव्या दिवशी बाटलीची मुदत संपली, आणि मुदत संपलेली बाटली रिकामी करायचं काम टेक्निशियनचं. माझंच रक्त मी त्याच बेसिनमध्ये ओतलं आणि वरून नळ सोडला. बाटली धुवून ठेवली. काचेच्या बाटल्या परत लागतात.

त्यानंतर महिन्याभरानं कृष्णात आला. रजेवर, युनिफॉर्ममध्येच. मला वाटलं, आता हा गळा धरणार. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. तो म्हणाला, "तुमी लय खटपट केली म्हनं. तात्या सांगत हुते, चाळीस मान्सांचं रगात बघितलंसा." आणि मीही फौजेतला हे कळल्यावर त्यानं टाच जुळवून मला सलाम केला. मीही केला. उजवा हात आपोआप वर जातो, काय करणार. तो गेल्यावर मी संडासात जाऊन बसलो आणि भिंतीवर मूठ मारली. मनगट आठवडाभर सुजलेलं होतं. बायकोला सांगितलं, बसच्या दारात सापडलं.

"मूठ दाबा की," अर्जुना खालून म्हणाला, "झोपलासा काय?" मी दाबली. कार्ड बाटलीवर डुलत होतं आणि मला आमचा मेंढा दिसत होता. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. पाऊस नाही, सलग दुसरं साल. कळप निम्म्यावर आला होता, जी राहिली त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि त्यात एकटा तो मेंढा तजेलदार, कारण घरातली मूठभर बाजरीसुद्धा आधी त्याला. बिरोबाच्या नावानं सोडलेला. बापानं त्याच्या कपाळाला भंडारा लावून नाव घेतलं होतं, त्या दिवसापासून तो आमचा नव्हता. त्याच उन्हाळ्यात माझी बहीण मनू तापानं पडली. आई म्हणाली, मेंढा विका आणि पोरीला वडूजच्या डॉक्टरकडं न्या. बाप, कोंडीबा गोरड, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस, एवढंच म्हणाला, "द्येवाचं हाय. हात लावायचा न्हाई." चौथ्या दिवशी मनू गेली. पाच वर्षांची होती. जत्रेत मेंढा कापला, भावकी जेवली, आणि मीही जेवलो. बोटं चाटून जेवलो. दोन महिन्यांत मटण बघितलं नव्हतं. फौजेत गेलो, चार बुकं वाचली, मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकलो, आणि रजेवर आलो तेव्हा बापाला तोंडावर अडाणी म्हणालो. तुझ्या अडाणीपणानं माझी बहीण मारली म्हणालो. म्हातारा उठून मेंढरांकडं गेला. पुढं तो मेला तेव्हा मी फौजेतच होतो. आणि मी काय केलं? त्यानं निदान देव बघितला होता. मी तर माननीयांना कधी बघितलंही नव्हतं. कुणीतरी टाईप केलेला कागद आला, गळ्यात कार्ड पडलं, की माझा हात लुळा. कपाटाचं दार उघडायचं म्हटलं तेव्हा हात खरंच वर गेला नव्हता; डॉक्टर, नियम, नोकरी, हे सगळं नंतर सुचलं. आधी बापाचंच वाक्य आलं होतं. कोंडीबाचं पोर ते कोंडीबाचंच.

बाटली भरली. डॉक्टर नव्हते, अर्जुनानं चिमटा लावला, सुई मी माझी मीच काढली. नियमानं दहा मिनिटं पडून राहायचं, दोन बिस्किटं खायची. मी उठलो. जरा भिरभिरलं, टेबल धरलं, गेलं. जुळवणीसाठी म्हातारीचा ताजा नमुना पाहिजे होता, त्याला पाऊण तास लागतो, आणि घड्याळात अकरा पंचवीस झाले होते. मी बाटली कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली आणि सिरिंज घेऊन चार नंबरला गेलो. काय करायचं हे ठरलं होतं असं म्हणता येणार नाही. पाय चालले होते. मधे व्हरांड्यात सर्जन भेटले, म्हणाले, "गोरड, दोनचं काय? शेडबाळकर नाही म्हणतात." मी म्हटलं, "तुम्ही थिएटर तयार ठेवा." ते माझ्या दंडावरच्या कापसाकडं बघत राहिले.

राहीबाई खाटेवर उठून बसली होती. मी हात पुढं करा म्हटलं तर तिनं हात पदराखाली घेतला. "मला नगं." "काय नगं?" "ती बाटली. तुमचा अर्जुना सांगत हुता, सायबाच्या नावची हाय म्हनं. चिठ्ठी बांधल्याय." मी म्हटलं, "मावशी, ते मी बघतो." "न्हाई रं लेकरा. दुसऱ्याच्या नावानं सोडल्यालं अंगात घिऊन कुठं फेडू? माझं काय, पिकल्यालं पान. तू त्याच्या शिरापात पडू नगं." आणि ती समजुतीनं हसली, मलाच धीर दिल्यासारखी. माझं डोकं फिरलं. तीन वर्षांचं, तीस वर्षांचं, काय काय त्या एका हसण्यावर निघालं मला माहीत नाही. "मग मरा," मी ओरडलो. "मरा सगळ्याजणी. त्या मनूनं मरायचं, त्या सुलानं मरायचं, आता तुमी मरा. मेंढा जगू द्या. बाटली जगू द्या." वॉर्डातल्या सगळ्या बायका बघायला लागल्या. सिस्टर दारात आली. राहीबाईनं डोळे बारीक केले. "मनू कोन?" मी खाटेच्या कडेवर बसलो आणि तिला सांगितलं. मेंढ्याचं सांगितलं, बापाचं सांगितलं, सुलाचं सांगितलं, कपाटात न्हाई म्हणालो तेही सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि तेही हातात सिरिंज घेऊन.

मग मला एक सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, ते मला लहानपणापासून माहीतच होतं. मी म्हटलं, "मावशी, तुमी मेंढरामागं जन्म काढला. मला सांगा, द्येवाच्या नावानं मेंढा सोडायचा तर कुनी सोडायचा?" "कुनी म्हंजे? मालकानं." "दुसऱ्याच्या कळपातला मेंढा कुनी परस्पर सोडला तर?" "त्यो कसा चालंल? त्येला सोडनं म्हनत न्हाईत, चोरी म्हनत्यात." "मग हे रगात कुनाचं?" ती माझ्या दंडावरच्या कापसाकडं बघायला लागली. कापूस थोडा लाल झाला होता. "तुझं." "मी सोडलं का सायबाच्या नावानं? मला इचारलं का कुनी?" मी घाई केली नाही. साडेअकरा वाजून गेले होते, तरी केली नाही. शेवटी ती म्हणाली, "मग न्हाईच त्ये त्याचं. कागुद लिवनाऱ्याचं काय जातंय." आणि कमरेची पिशवी सोडून तिनं त्यातून कागदाची पुडी काढली. बिरोबाचा भंडारा, आरेवाडीचा. "पर असं मोकळं न्हाई घ्यायची मी. तू मालक हायस तर नाव घिऊन लाव. माझं नाव घे. एकदा लावलास की मग कुनाच्या बाचं चालायचं न्हाई." मग तिनं हात पदराबाहेर काढला आणि पुढं केला. शीर सापडत नव्हती. तिसऱ्या ठिकाणी सापडली.

जुळवणी चांगली लागली. नळीत कुठं गुठळी नाही, दोनदा बघितलं. साडेबाराला मी कपाट उघडलं, बाटली काढली, कात्रीनं सुतळी कापली आणि लाल कार्ड टेबलावर ठेवलं. पांढरी चिठ्ठी चिकटवली: राहीबाई, वॉर्ड चार, बी निगेटिव्ह. मग पुडी उघडली. हे करताना मला हसू येईल असं वाटलं होतं. विज्ञानाचा माणूस मी, दारावर माझ्याच अक्षरात लिहिलंय की आत चप्पल घालून येऊ नये. हसू आलं नाही. बोटावर भंडारा घेतला, बाटलीच्या खांद्यावर बोट टेकवलं, आणि नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं, बाप घ्यायचा तसं, आणि दोन वाजेपर्यंत बाटली परत कपाटात ठेवली, कुलूप न लावता. मागं अर्जुना उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

दोनला पंधरा कमी असताना डॉक्टर शेडबाळकर आले. त्यांनी टेबलावरचं कार्ड बघितलं, मग कपाटाच्या काचेतून आत बघितलं. "गोरड, बाटलीला हे काय लागलंय?" "भंडारा, सर." "आणि कार्ड का काढलंस?" मी म्हटलं, "बाटली राखीवच आहे. मालकानं राखली आहे." त्यांनी दार उघडलं. हात आत गेला, बाटलीपासून वितीवर थांबला. ते शेडबाळचे; तिकडंही देव आहेत, जत्रा आहेत, त्यांच्याही आईनं कधीतरी कशाला तरी हात लावू नको म्हणून सांगितलं असेल. किंवा तसलं काही नसेल, त्यांना बेसिनमध्ये हात धुणाऱ्या इनामदारबाई आठवल्या असतील. मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. हात तसाच मागं आला. कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "तुझी नोकरी जाईल. मला लिहावं लागेल." "लिहा." "ते लिहीन मी. पण आज संध्याकाळी फोन येईल, बाटली तयार आहे का म्हणून. तेव्हा काय सांगू मी?"

मी त्यांना बाजूला केलं आणि बाटली काढून घेतली. गार होती. "मी लालासाहेबांना सांगितलं होतं तेच सांगा," मी म्हटलं. "कपाटात न्हाई म्हणून सांगा. या वेळी ते खरं आहे."

आणि मी थिएटरकडं निघालो. दोनला दहा कमी होते.